कविवर्य मोरोपंत

मराठी कवितेतील बहुतेक छंदांचा एकेक धनी ठरून गेलेला आहे. ओवीशी ज्ञानेश्वरांचे नाव जोडले गेले, अभंगाशी तुकारामांचे, श्लोकाशी वामनपंडितांचे. आणि आर्या म्हटली की मोरोपंतांवाचून दुसऱ्या कोणाचे नाव जिभेवर येतच नाही. अठराव्या शतकात बारामतीस राहून या विद्वान गृहस्थांनी हजारो आर्या रचिल्या. परंतु त्या आर्या वाचून मोरोपंत नावाचा माणूस कसा होता, त्याला काय दुखले-खुपले, त्याच्या घरी काय चालले होते, हे शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. तुकारामांचे अभंग वाचताना दुष्काळ, मोडलेला व्यापार, घरातील मृत्यू आणि जनांची निंदा हे सारे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. मोरोपंतांनी आपला संसार आणि आपली चिंता ही कवितेच्या उंबरठ्याबाहेर ठेवली. असे करणारा कवी कोरडा असतो काय, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून आपल्यापुढे येतो.

मोरोपंतांचा जन्म इ. स. १७२९ साली कोल्हापूरजवळील पन्हाळगडावर झाला. त्यांचे आडनाव पराडकर. घराणे मूळचे कोकणातले. परंतु वडील रामाजीपंत हे नोकरीच्या निमित्ताने पन्हाळ्यास येऊन राहिले होते. आईचे नाव लक्ष्मीबाई. मुलाचे नाव मोरेश्वर ठेविले गेले. पुढे लोक त्यांस मोरोपंत म्हणू लागले आणि कवितेत ते स्वतःला मयूर म्हणू लागले. मयूर म्हणजे मोर. हे नाव ध्यानात ठेवावे, कारण त्यांच्या सर्वांत सुंदर काव्याचे मर्म या नावातच दडलेले आहे.

पन्हाळगडावर त्या काळी केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये हे दोघे विद्वान बंधू राहत असत. मोरोपंतांचे अध्ययन त्यांच्याजवळ झाले. व्याकरण, काव्य, अलंकारशास्त्र आणि पुराणे असा तो अभ्यासक्रम होता. आजच्यासारखी छापील पुस्तके तेव्हा नव्हती. पोथी हाताने लिहून काढावयाची, गुरूने अर्थ सांगावयाचा आणि शिष्याने ती मुखोद्गत करावयाची, अशी ती रीत. ज्या मुलाच्या कानावर वर्षानुवर्षे संस्कृत श्लोकांचा ठेका पडत राहतो, त्याला शब्दांची लांबी-रुंदी मोजण्यासाठी बोटे लागत नाहीत. मोरोपंतांच्या कवितेत पुढे जी विलक्षण सफाई दिसते, तिचा पाया पन्हाळ्यावर सुमारे वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत चाललेल्या या अभ्यासात घातला गेला.

मध्यंतरी रामाजीपंत हे बारामतीस बाबूजी नाईक यांच्या पदरी जाऊन राहिले होते. मोरोपंतही मागाहून तेथे गेले आणि कायमचे बारामतीकर झाले. हे बाबूजी नाईक साधे आसामी नव्हते. ते मोठे सावकार असून पेशव्यांचे सोयरे होते. पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई ही बाबूजींचे बंधू आबाजी नाईक यांस दिलेली होती. नागपूरच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इ. स. १७४० मध्ये बाजीराव वारले, तेव्हा पेशवाईची वस्त्रे बाबूजी नाईकांना मिळावीत म्हणून ज्या सरदारांनी जोर केला, त्यांत आपले नागपूरकर रघूजी भोसले प्रमुख होते. शाहू महाराजांनी बाजीरावांचे पुत्र बाळाजी यांनाच पेशवे केले आणि बाबूजींचा मनोरथ तसाच राहिला. रघूजींची ती खटपट सिद्धीस गेली असती, तर मोरोपंतांचा आश्रयदाता मराठी राज्याचा पेशवा ठरला असता!

नाईकांच्या वाड्यात मोरोपंतांनी पुराण सांगावे, मुलांस शिकवावे आणि उरलेल्या वेळात ग्रंथरचना करावी, असा त्यांचा आयुष्यक्रम ठरून गेला. कऱ्हा नदीच्या काठचे ते गाव, वाड्यातील नित्याची पूजाअर्चा, समोर बसलेले श्रोते आणि चौरंगावरील पोथी, एवढे त्यांचे जग. याच काळात बाहेर केवढ्या घडामोडी होत होत्या! पानिपतची लढाई झाली तेव्हा मोरोपंतांचे वय सुमारे बत्तीस वर्षांचे होते. घरोघरची माणसे त्या रणात कामास आली. तरीही मोरोपंतांच्या रचनेचा फार मोठा भाग रामायण, महाभारत आणि भागवत यांतील कथांनीच भरलेला आहे. याचे कारण त्यांच्या व्यवसायात शोधता येते. पुराणिक हा स्वतःची कथा सांगण्यासाठी व्यासपीठावर बसत नाही. कथा व्यासांची किंवा वाल्मीकींची असते. पुराणिकाने ती निर्मळपणे श्रोत्यांपर्यंत पोहोचवावयाची. मध्ये आपले रडगाणे आणले तर श्रोते उठून जातील. मोरोपंतांनी व्यासपीठावरील ही मर्यादा कवितेतही पाळली.

आता त्यांची आर्या कशी असते ते पाहू. अक्षरे दोन प्रकारची, लघू आणि गुरू. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. कमल या शब्दात तीन मात्रा होतात आणि गंगा या शब्दात चार. आर्येचे चार चरण असतात. पहिल्यात बारा मात्रा, दुसऱ्यात अठरा, तिसऱ्यात पुन्हा बारा आणि चौथ्यात पंधरा, असे शास्त्रात सांगितले आहे. मोरोपंतांनी मात्र बहुतेक ठिकाणी चौथ्या चरणातही अठरा मात्रा घातल्या. शास्त्रकार या प्रकाराला गीती म्हणतात. परंतु मराठीत मोरोपंतांच्या हाताने तीच आर्या म्हणून रूढ झाली. म्हणजे तीस आणि तीस मिळून साठ मात्रांची ती लहानशी पेटी. तीत एक प्रसंग, एक संवाद किंवा एक विचार पुरता बसला पाहिजे. एक मात्रा अधिक नाही की उणी नाही. यावर मोरोपंतांना यमकाचा मोठा सोस. नुसती शेवटची अक्षरे जुळवून त्यांचे समाधान होत नसे. एका ओळीच्या शेवटी कर हा शब्द हात या अर्थी आणावा आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी तोच शब्द किरण या अर्थी आणावा, अशा चमत्कृतीत त्यांना आनंद वाटे. पेटी आधीच लहान, आणि तिला असे नक्षीदार कुलूप!

या आर्यांत त्यांनी संपूर्ण महाभारत मराठीत आणिले. त्यांच्यापूर्वी मुक्तेश्वरांनी ओवीबद्ध महाभारत रचिले होते; परंतु त्याची पाचच पर्वे आज उपलब्ध आहेत. मोरोपंतांचे आर्याभारत अठराही पर्वांचे आहे. एवढा प्रचंड ग्रंथ एका माणसाने, एकाच छंदात, प्रत्येक ओळ मापात ठेवून सिद्धीस न्यावा, ही गोष्ट सोपी नव्हे. आणि हा ग्रंथ निव्वळ भाषांतर नाही. व्यास जे दहा श्लोकांत सांगतात, ते पंत कधी दोन आर्यांत आटोपतात. आणि दोन वीर परस्परांसमोर उभे राहिले म्हणजे मात्र थांबतात, त्यांना बोलू देतात. द्रौपदी सभेत जाब विचारते, कर्ण आणि शल्य एकमेकांस टोचून बोलतात, बायकांपुढे फुशारकी मारणारा राजपुत्र उत्तर कौरवसेना पाहताच रथातून उडी टाकून पळू लागतो. प्रत्येकाची भाषा निराळी, प्रत्येकाचा राग आणि भीती निराळी. कवी स्वतः पडद्यामागे उभा असतो. कोणाविषयी दया वाटावी आणि कोणाचे हसू यावे, हे तो वाचकाला बोट दाखवून सांगत बसत नाही. भावना त्यांच्या कवितेत नाहीत असे जे म्हणतात, त्यांनी हे संवाद वाचावेत. भावना आहेत, त्या मोरोपंतांच्या नसून पात्रांच्या आहेत, इतकेच.

महाभारताहूनही नवलाची गोष्ट म्हणजे त्यांची रामायणे. मोरोपंतांनी एकशेआठ रामायणे रचिली असे सांगतात. त्यांतील काही आज मिळत नाहीत. कथा तीच. राम वनात जातो, सीतेचे हरण होते, लंकेत युद्ध होते. परंतु प्रत्येक वेळी कवी स्वतःस नवी अट घालून घेतो. कोठे छंद निराळा, तर कोठे रामनामाचा तेरा अक्षरांचा मंत्र ओळींतून एकेक अक्षर करून गुंफलेला. एका रामायणाचे नाव निरोष्ठरामायण. निरोष्ठ म्हणजे ज्याचा उच्चार करताना ओठास ओठ लागत नाही असे. प, फ, ब, भ आणि म ही अक्षरे ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाहीत. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग एकदा स्वतः करून पाहावा. ही पाच अक्षरे टाळून रामाची गोष्ट सांगावयास बसा. पहिल्याच वाक्यात अडखळाल, कारण राम हेच नाव घेता येत नाही! लक्ष्मण गेला, भरत गेला, मारुती गेला. बिभीषण आणि कुंभकर्ण हे तर जवळही येऊ शकत नाहीत. दाशरथी, दशानन, जानकी अशी दुसरी नावे शोधीत वाट काढावी लागते. शब्दसंपत्ती किती अफाट असली पाहिजे, हे अशा वेळी कळते.

सर्वच रामायणे सारख्या तोलाची आहेत असे मात्र म्हणता येणार नाही. काहींत कथा मागे राहते आणि कसरत पुढे येते. अट पाळण्याच्या ओढीने पंत एखादा इतका कठीण संस्कृत शब्द आणून बसवितात की वाचकाला कोश उघडल्यावाचून पुढे जाता येत नाही. आणि कोश उघडला की कवितेचा रस थंड होतो. अभ्यास चालू ठेवण्यासाठी पैलवानाने जोर काढावेत, तशी ही काही रामायणे आहेत. परंतु जोर काढणाऱ्यालाच कुस्ती जिंकता येते, हेही खरे. एक गोष्ट शंभर वेळा सांगितल्यावरही एकशेएकाव्या वेळी ती नव्या तऱ्हेने सांगण्याची हौस ज्याला राहते, त्याच्या निष्ठेबद्दल संशय घेता येत नाही. कोणी रामनामाचा जप माळेवर करतो, मोरोपंतांनी तो शब्दांवर केला. माळेचे मणीही एकशेआठच असतात.

आपल्या सुखदुःखाचे प्रदर्शन न करता जुन्या कथा घोटीव आकारात मांडाव्यात, हा विचार केवळ आपल्याच देशात सुचला असे नाही. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात लकाँत द लील नावाचा मोठा कवी होऊन गेला. हिंदी महासागरातील रेयुनियन बेटावर इ. स. १८१८ मध्ये त्याचा जन्म झाला. त्याच्या तरुणपणी फ्रान्समध्ये अशा कवींचा बोलबाला होता की, जे आपले प्रेम, आपला विरह आणि आपले अश्रू हेच कवितेचे मुख्य द्रव्य मानीत. लकाँत द लील याला हे रुचेना. संगमरवराची मूर्ती घडवावी तशी कविता घडवावी, तिच्यावर कारागिराच्या आसवांचे डाग नसावेत, असे त्याचे मत होते. म्हणून तो प्राचीन ग्रीसच्या कथांकडे वळला; आणि कौतुकाची गोष्ट ही की, तो आपल्या भारतीय कथांकडेही वळला. ऐतरेय ब्राह्मणात आणि रामायणात आलेल्या शुनःशेपाच्या आख्यानावर त्याने फ्रेंच भाषेत काव्य लिहिले आहे. पुढे त्याच्याभोवती जो कविमंडळ जमला, त्याला ग्रीस देशातील पार्नासस पर्वतावरून नाव मिळाले. हा पर्वत ग्रीकांच्या काव्यदेवतांचे निवासस्थान समजला जाई. लकाँत द लील इ. स. १८९४ मध्ये, म्हणजे मोरोपंतांच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी वारला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. फ्रेंच कवीने हा मार्ग समकालीन कवींशी भांडून धरला; मोरोपंतांना तो आपल्या परंपरेतून आणि पुराणिकाच्या वृत्तीतून सहज मिळाला. शिवाय मोरोपंतांजवळ भक्ती होती.

अशी विद्वत्तापूर्ण कविता सामान्य लोकांपर्यंत कशी पोहोचली? त्याची हकीगत मनोरंजक आहे. सोलापूरचे शाहीर रामजोशी हे विद्वान घराण्यात जन्मलेले. परंतु त्यांचा जीव डफ-तुणतुण्यात रमला आणि ते लावण्या रचून तमाशाच्या फडात गाऊ लागले. लावणी म्हणजे मोरोपंतांच्या आर्येचे दुसरे टोक. तीत सारी भावना उघडी, ठसका उघडा. रामजोशी बारामतीस आले असता मोरोपंतांनी त्यांचे कवन ऐकले, असे सांगतात. एवढ्या सोवळ्या पंडिताने नाक मुरडले असते तरी कोणास नवल वाटले नसते. पंतांनी उलट त्या शाहिराच्या अंगची प्रतिभा ओळखली, त्याचा गौरव केला आणि हे सामर्थ्य हरिकीर्तनाकडे लावावे असे त्यास सुचविले. रामजोशी पुढे कीर्तन करू लागले आणि कीर्तनात मोरोपंतांच्या आर्या आपल्या खड्या आवाजात म्हणू लागले. वाड्यातील पोथीत बांधलेली आर्या गावोगावच्या देवळांत पोहोचली ती अशा रीतीने. ज्यांना अक्षरओळख नव्हती, अशा माणसांच्याही तोंडी आर्या बसल्या. मापात घट्ट बसलेली ओळ एकदा कानात शिरली की सहसा बाहेर जात नाही. मोरोपंतांच्या मेहनतीचा हा गुण कीर्तनकारांना फार उपयोगी पडला.

असा हा कवी, ज्याने आयुष्यभर स्वतःविषयी मौन पाळले, तो उतारवयात एकदा बोलला. त्या काव्याचे नाव केकावली. मोराच्या ओरडण्यास केका म्हणतात आणि आवली म्हणजे ओळ. आकाशात मेघ दिसला की मोर त्याच्याकडे मान उंचावून हाका मारतो. येथे मेघ म्हणजे घनश्याम परमेश्वर आणि मोर म्हणजे मयूरकवी, म्हणजे खुद्द मोरोपंत. एकशेवीसहून अधिक श्लोकांत त्यांनी या हाका मारल्या आहेत. येथे रामाची कथा नाही की कौरव-पांडव नाहीत. एक वृद्ध माणूस देवापुढे हात जोडून उभा आहे. आपले दोष सांगतो, क्षमा मागतो, लाडाने रुसतो आणि कधी वकिलासारखा वादही घालतो. अजामिळासारख्या पाप्याला तू तारलेस, संकटात सापडलेल्या गजेंद्राकडे धावलास, मग माझ्याच वेळी का उशीर लावतोस, अशा अर्थाचे त्याचे गाऱ्हाणे आहे. चांगल्यांची संगत मिळावी, चांगले कानी पडावे, असे मागणारा जो श्लोक अनेक शाळांतून प्रार्थनेच्या वेळी म्हटला जातो, तो या केकावलीतलाच.

आणि येथेही एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मन एवढे भरून आलेले असतानाही मोरोपंतांनी हात सैल सोडला नाही. केकावली त्यांनी पृथ्वी या वृत्तात लिहिली. या वृत्तात प्रत्येक चरणात सतरा अक्षरे, आणि कोणते अक्षर लघू व कोणते गुरू हे आधीच ठरलेले. आठव्या अक्षरावर किंचित थांबावयाचे आणि मग उरलेली नऊ अक्षरे म्हणावयाची. एका श्लोकात अडुसष्ट अक्षरे, आणि त्यांतील एकालाही आपली जागा सोडण्याची मुभा नाही. कालव्याचे काठ मजबूत असले म्हणजे पाणी जोराने वाहते, तसे येथे झाले आहे. आर्यांत ज्यांना मोरोपंत रुक्ष वाटतात, त्यांनी केकावलीतील दहा श्लोक मोठ्याने, थांबे सांभाळून म्हणून पाहावेत. एवढ्या वर्षांची ती कसरत कशासाठी होती, हे तेव्हा लक्षात येते.

इ. स. १७९४ मध्ये चैत्री पौर्णिमेच्या दिवशी मोरोपंत बारामतीस वारले. पुढे पेशवाई बुडाली, इंग्रजी शाळा निघाल्या आणि छापखाने आले. परशुरामतात्या गोडबोले यांनी इ. स. १८५४ मध्ये नवनीत हा वेच्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मोरोपंतांना मानाचे स्थान होते आणि मुलांच्या अनेक पिढ्या या वेच्यांवर शिकल्या. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत मोरोपंतांच्या कवितेचा हिरिरीने कैवार घेतला. पुढे केशवसुतांपासून नवी कविता सुरू झाली. कवीने आपल्या अंतःकरणातले बोलावे, असे तिचे म्हणणे होते, आणि मग यमकांच्या या जुन्या कारागिराकडे तरुणांची पाठ फिरली. तरीही ल. रा. पांगारकरांनी इ. स. १९०८ मध्ये त्यांचे विस्तृत चरित्र लिहून काढले.

केकावलीचे भाग्य मात्र त्याच्या बरेच आधी उजळले होते. इ. स. १८६५ मध्ये मराठीचे थोर व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी तिच्यावर सविस्तर टीका लिहिली. एकेका शब्दाची फोड करून, अन्वय लावून आणि अलंकार दाखवून त्यांनी हे अवघड काव्य सामान्य वाचकांच्या हाती दिले. व्याकरणासारख्या रुक्ष समजल्या जाणाऱ्या विषयात आयुष्य घालविलेल्या या पंडिताने त्या टीकेला नाव देताना स्वतःच्या आईवडिलांची आठवण केली. त्यांच्या आईचे नाव यशोदा आणि वडिलांचे पांडुरंग; म्हणून टीकेचे नाव यशोदा-पांडुरंगी.